कुऱ्हाडबंदी

मित्रांनो, मी एक जुनी कुऱ्हाड आहे आणि मी भली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आसाराम लोहाराने जीपच्या स्प्रिंगच्या एकाच पाट्यातून दोन कुऱ्हाडी घडवल्या. मी मच्छिंद्रच्या घरी आले. माझी बहीण त्याच्या चुलतभावाकडे, सहादूकडे गेली. पुढे गावात कुऱ्हाडबंदी झाली. झाड तोडायचं नाही, असा ग्रामसभेचा ठराव. मी खुंटीला लागले. रिकामं हत्यार फार वाईट!

गेल्या उन्हाळ्यात पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघे भाऊ भिडले. सहादूचा मुलगा अमृत सोडवायला मध्ये आला आणि मी एका घावात त्याची तीन बोटं तोडली. बोटं चिखलात पडली. खरं सांगते, तेव्हा मला अभिमान वाटला. दवाखान्यात दोन्ही घरांनी सांगितलं, हात कडबाकुट्टीत गेला. घरातलं घरातच मिटवू म्हणाले, पण मिटवलं कोणीच नाही. सहाव्या दिवशी माझ्या बहिणीने मच्छिंद्रच्या धाकट्या भावाचं, सुनीलचं डोकं फोडलं. तो बांधावरच गेला. सहादू तुरुंगात, बहीण पोलिसांच्या पिशवीत.

मच्छिंद्र रोज मला दगडावर पाजळायचा. "तेराव्याला अमृतला तोडतो," म्हणायचा. तो भावकीचा पुढारी, त्याला अडवणार कोण?

सुनीलची मुलगी ज्ञानेश्वरी कॉलेजात शिकते. तिने आजीला, बनुबाईला, अमेरिकेतल्या हौदेनोसौनी लोकांची हकीकत सांगितली. त्यांच्या पाच जमाती एकमेकींचे मुडदे पाडत होत्या. लेकी गमावलेल्या एका माणसाचे डोळे कोणीतरी आधी पुसले, मग तो शांततेचं बोलू शकला. सगळ्यांनी हत्यारं एका झाडाखाली पुरली.

"आणि आजी, त्यांचा पुढारी बायका निवडतात. तो चुकला तर त्याच्या डोक्यावरची मानाची हरणाची शिंगं बायकाच उतरवतात."

बनुबाई एवढंच म्हणाली, "आपल्याकडं शिंगं न्हाईत. फेटा हाय."

तेराव्याला भावकी जमली होती. सहादूची बायको विमलबाई अमृतला घेऊन दारात आली. हातात दुखवट्याचं लुगडं. मच्छिंद्रने मला उचललं. माझं पातं अमृतच्या मानेवर आलं. मला ती मान हवी होती, मित्रांनो.

बनुबाईने मागून लेकाचा फेटा ओढून काढला.

"ह्यो म्या बांधला हुता. झाडावर कुऱ्हाडबंदी हाय, अन् मानसावर न्हाई व्हय रं?"

मच्छिंद्र बोडक्या डोक्याने उभा राहिला. भावकीतलं कोणीच त्याच्या बाजूने बोललं नाही. विमलबाई पुढे झाली आणि पदराने तिने बनुबाईचे डोळे पुसले. बनुबाई हुंदके देत राहिली. मग अमृतचा थोटा हात हातात घेऊन म्हणाली, "आता दिसाया लागलं मला. लई दुखतं का रं?"

मच्छिंद्रने मला खाली टाकलं.

त्याच दिवशी ओढ्याकाठी खड्डा खणून मला पुरलं. वर कडुलिंबाचं रोप लावलं. माती लोटली अमृतने, उरलेल्या बोटांनी.

मी सुधारलेली नाही. मच्छिंद्र अधूनमधून येतो, जमिनीवर तळहात दाबून बसतो. त्याला मी हवी असते आणि मलाही तो. अजून तरी त्याने उकरलेलं नाही.

इतर वस्तू तुम्हाला म्हणतील, आमची निगा राखा. मी म्हणते, पाणी त्या लिंबाला घाला. मला गंजू द्या.