घर बसलं का?

रंगूबाईनं कडेवरच्या रुखीला डॉक्टरसमोर धरलं. पोर तापानं फणफणली होती.

"बिल्ला?" त्यानं तिच्या गळ्याकडे बघत विचारलं.

"नाही."

"घर बसलं का तुमचं?"

घर नव्हतं बसलं. "घसा बसला माहा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "अन् पोरीले हिवताप."

रांगेतल्या बाया फिदीफिदी हसल्या. डॉक्टर हसला नाही.

"बाई, हिवतापाचं कोयनेल आलंय ते पुरात घर गेलेल्यांपुरतं. वरचा हुकूम आहे. हिला वाशीमला न्या."

वाशीमच्या वाटेवरचा पूल पुरानं नेला होता. तेवढं सांगण्याइतका आवाज रंगूबाईकडे उरला नव्हता.

मेडशीच्या त्या शाळेत पूरग्रस्तांची छावणी होती, आणि व्हरांड्यात तिची धाकटी जाऊ तुळसाबाई बसली होती. नदीकाठचं तिचं घर बसलं, आणि तेव्हापासून सरकारच तिचं माहेर झालं होतं. दंडाला टोचणं, डोळ्यांत औषध, सकाळी भुकटीचं दूध. गळ्यात पत्र्याचा सरकारी बिल्ला. तोही तिनं पोतीत, काळ्या मण्यांशेजारी ओवलेला. पोर ना बाळ, आणि दूध पिते! अंगावर तजेलासुद्धा आला होता मेलीच्या.

घरी येऊन रंगूबाईनं रुखीला बाजेवर निजवलं, कुदळ उचलली आणि मागच्या भिंतीला घातली. भिंत ओलीच होती. आधी पोपडा सुटला, मग ढेकूळ, मग भोकातून उजेड आत आला.

"बाई, येऊ का?"

दारात तुळसाबाई. रंगूबाईनं कुदळ पदराआड धरली, जशी काही ती तिथं मावणारच होती.

"चुलीपाशी बसू द्या ना जराशी. एक भाकर थापतो. आयतं खाऊन खाऊन हात शिवशिवून राह्यले माहे."

"तुले काय कमी हाय तिथं?"

"चूल."

तुळसाबाईनं भोकाकडे पाहिलं, मग पदराखालून डोकावणाऱ्या दांड्याकडे.

"उंदरं लय माजले वाटते," ती म्हणाली, आणि अंगणातला चिखल आणून भोक लिंपायला लागली. लिंपून झाल्यावर तिनं हात धुतले, रुखीच्या कपाळावर ठेवले आणि तिला उचलून घेतलं.

"भाकर राहू द्या, बाई. इले घेऊन जातो मी."

रुखीनं काकूच्या मानेत तोंड खुपसलं, बिल्ला मुठीत धरला. रंगूबाई मागोमाग निघाली आणि शाळेच्या दाराआड थांबली.

डॉक्टरनं पोरीकडे पाहिलं. सकाळचा चेहरा त्याच्या ध्यानात असावा. मग त्यानं बिल्ल्याकडे पाहिलं.

"ही कोणाची?"

"माही."

किती सहज म्हणाली ती. जसा काही तो शब्द वर्षानुवर्षं तोंडात धरून ठेवला होता.

डॉक्टरनं कोयनेल काढलं.

दाराआड रंगूबाईनं तोंड उघडलं. घसा बसलेलाच होता.