मित्राची वही

इतिहास मंडळाच्या सभेत निवृत्त मास्तरांनी जुन्या पुलावरचा निबंध वाचला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. निबंध मात्र सगळा त्यांच्या दिवंगत मित्राच्या वहीतला होता. मित्राची बायको वही मागायला आली, तेव्हा ‘माझ्याकडे नाही’ असं मास्तरांनी खुशाल ठोकून दिलं होतं.

आज त्याच वहिनी पहिल्या रांगेतून उठून आल्या. “भाऊजी, ह्यांचंही अगदी हेच म्हणणं होतं. वही हरवली, पण विषय तुम्ही जिवंत ठेवलात!”

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पुन्हा माइक धरला. “वही माझ्या कपाटात आहे. निबंध माझ्या मित्राचा आहे.”



“उद्या सकाळी आणून द्या,” एवढंच म्हणून वहिनी निघून गेल्या. नंतर चहाला मास्तरांच्या शेजारी कुणीच उभं राहिलं नाही.