हजर असेल त्यालाच

आमच्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, व्यापारी मंडळ गेल्या नोव्हेंबरात बंद झालं. शेजारच्या काउंटीच्या मंडळात ते विलीन झालं असं पेपरात आलं, पण गावात कुणी तसं म्हणत नाही. बंद झालं, एवढंच म्हणतात.

मंडळ माझ्या आजोबांच्या पिढीनं काढलं. आमच्या नॉर्डाल गावाला रेल्वे आली तेव्हा बँकवाला, औषधवाला, धान्याच्या कोठाराचा मॅनेजर आणि आजोबा असे चौघं बसले. आजोबांचं हार्डवेअरचं दुकान होतं, तेच पुढे मी म्हातारा होईपर्यंत चालवलं. पुढे नॉर्थ डकोटात दुष्काळाची वर्षं आली आणि शेतकरी गावात यायचेच बंद झाले. तेव्हा मंडळानं शनिवारची सोडत सुरू केली.

काहीही विकत घेतलं की दुकानदार चिठ्ठी द्यायचा. नाव लिहून ती बँकेच्या दारातल्या लाकडी पिंपात टाकायची. शनिवारी दुपारी पिंप फिरवायचं, एक चिठ्ठी काढायची आणि घंटा वाजवून नाव तीनदा पुकारायचं. तो माणूस हजर असला तर त्याला धुरी दिलेला हॅम, म्हणजे डुकराची अख्खी मांडी. नसला तर चिठ्ठी परत पिंपात आणि दुसरी काढायची. पिंप कधी रिकामं करायचं नाही. दुकानदारांच्या घरच्यांनी मात्र नाव टाकायचं नाही. लोक हॅमसाठी यायचे आणि जाताना खिळे, साखर, कापड घेऊन जायचे. मंडळाचा सगळा इतिहास म्हटला तर एवढाच.

माझं लग्नही त्या पिंपामुळे झालं. आर्डिस टॉलेफसन तेव्हा अंडी विकायला गावात यायची. एका शनिवारी तिचं नाव निघालं. तिसऱ्या हाकेला ती डेअरीच्या दारातून निघाली, हातातली टोपली सांभाळत धावली आणि पोचेपर्यंत बँकवाल्यानं चिठ्ठी पिंपात टाकून दुसरी काढली होती. ती येऊन आमच्या दुकानापुढे उभी राहिली आणि बँकेकडे बघून जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. मला हसू आलं. मग तिनं माझ्याकडे मोर्चा वळवला.

लग्नानंतर ती दुकानदाराची बायको झाली, म्हणजे नवी चिठ्ठी नाही. जन्मभर ऐकवायची, "माझं नाव आहे त्या पिंपात. माझा हॅम राहिलाय तुमच्या मंडळाकडे."

ती जाऊन आता दीड वर्ष होईल. आमच्याकडे माणूस गेलं की शेजारी भाजलेल्या बटाटा-मटणाची भांडी आणून ठेवतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं, परत करायला सोपं जावं म्हणून. भांडी मी परत करत गेलो. लोक दारात उभं राहून वाऱ्याबद्दल, गव्हाच्या भावाबद्दल बोलायचे. तिचं नाव कुणी काढलं नाही. मला त्रास होऊ नये म्हणूनच, हे मला कळत होतं. पण घरात बोलायला कुणी नाही आणि बाहेर ते नाव कुणी घेत नाही. मी स्वयंपाकघरात एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. बरं वाटलं नाही.

म्हणून मंडळानं शेवटची सोडत ठरवली तेव्हा मी गेलो. मला हॅम नको होता. ते नाव तीनदा दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

बँकेची इमारत रिकामीच आहे, तिच्या दारात जमलो. पंधरावीस माणसं, वारा बोचरा. शनिवारची सोडत बंद पडल्यापासून पिंप इतकी वर्षं लाइलच्या गॅरेजमध्ये होतं. लाइल अंत्यविधीचं काम बघतो. मंडळाची वर्गणी शेवटपर्यंत ज्यांनी भरली त्यांतला तो एक, त्याचा धंदा काही बसला नाही. अध्यक्ष व्हर्ला, पेट्रोल पंपवाली. दुकानं उरलीत तीन, त्यामुळे नव्या चिठ्ठ्या मूठभरच. त्या तिनं वरून टाकल्या आणि पिंप फिरवलं.

चूक तिथेच झाली. जुन्या चिठ्ठ्या काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. जो जिंकला त्याची चिठ्ठी तेव्हाच बाहेर पडली होती. पिंपात उरलं होतं ते न आलेल्यांचं गाव.

व्हर्लानं घंटा वाजवली आणि पहिलं नाव पुकारलं. तीनदा. कुणी नाही.

"तो नाही यायचा," लाइल म्हणाला. "मीच पोचवलाय त्याला."

थोडे हसले. दुसरं नाव निघालं, ते कुटुंब कधीच ओरेगनला गेलेलं. तिसरं नाव शाळेतल्या बाईचं. तिच्या नावाला लाइलनं नुसती टोपी काढली. त्यानंतर कुणी हसलं नाही. व्हर्ला थांबली आणि लाइलकडे बघून म्हणाली की पुरे करू या, हॅम चर्चला देऊन टाकू. लाइल म्हणाला, नियम आहे, पुकार. मग ती पुकारत राहिली. जुना लोहार, केशकर्तनवाला, ज्यांच्या शेतात आता घरसुद्धा उरलं नाही असे भाऊभाऊ. प्रत्येकाला तीन हाका आणि चिठ्ठी परत आत. दर चिठ्ठीला मी हातमोजे काढत होतो आणि परत घालत होतो.

मग कोठारावर नव्यानं लागलेल्या एका तरुणाचं नाव निघालं. "मी आहे," असं तो हळूच म्हणाला, जणू काही चुकलंच त्याचं. त्यानं हॅम घेतला. कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि लोक गाड्यांकडे वळले.

मी तिथेच राहिलो. लाइलनं पिंपाचं झाकण लावलं. ते आता काउंटीच्या संग्रहालयात जायचं होतं. व्हर्ला माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मला वाटलं, वाऱ्याबद्दल बोलेल.

"आर्डिस राहिली की रे," ती म्हणाली. "आहे ना तिची चिठ्ठी यात?"

"आहे."

"मला पंपावर प्रत्येक वेळी सुनवायची. आर्डिसला हॅम दिल्याशिवाय मंडळ मरायचं नाही म्हणायची."

"मेलं की," लाइल म्हणाला.

"तू गप."

व्हर्लानं विचारलं, शोधून काढू का तिची चिठ्ठी, झाकण उघडायला कितीसा वेळ लागतो. मी नको म्हणालो.

"ती हजर नव्हती," मी म्हणालो. "चिठ्ठी परत आतच जायची."

लाइलनं कडी घातली. तिघांनी मिळून पिंप त्याच्या गाडीत चढवलं. आतल्या चिठ्ठ्या एका बाजूला सरकल्याचा आवाज आला.