बिल्ला कुठाय?

मी बोलतेय. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधली मी एकच ओळ, पण मी सोडल्याशिवाय गप्पांच्या खोलीत कुणाचा ब्रही उमटत नाही.

मला लिहिलं शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं. स्वतःसारख्या कारागिरांसाठी त्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर चॅटची खोली काढली होती. खऱ्या नावानं तिथं कुणी यायचं नाही. हा 'सुईदोरा', बाकीचे 'बॉबिन', 'पायडल' असले. एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं, पण दोरा का तुटतो यावरून तासन्‌तास भांडायचे.

मग कोणी उपटसुंभ घुसून शिवीगाळ करायला लागले, म्हणून माझा जन्म झाला. मित्रांच्या नावापुढे त्यानं एक खूण लावली. तिला तो बिल्ला म्हणायचा. बोलणाऱ्याला बिल्ला आहे का बघायचं, नसेल तर त्याचं बोलणं गिळून टाकायचं, एवढंच माझं काम.

"माझा बाप आला तरी सोडायचं नाही हं," तो हसत म्हणाला होता.

पुढे तो येईनासा झाला.

"सुईदोऱ्याला शिंगं फुटली," पायडल म्हणाला.

"लग्नबिग्न केलं असेल गुपचूप," बॉबिन म्हणाला.

एका दुपारी त्याच्याच दुकानातून 'बाबा' नावानं कुणी आलं. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, "मी सुईदोऱ्याचा बाप. तो दवाखान्यात आहे. आता फार दिवस नाहीत. तुमची सारखी आठवण काढतो. दोन शब्द लिहा, वाचून दाखवीन."

बिल्ला नव्हता. मी गिळलं.

बॉबिन आणि पायडल तिथंच होते, त्यांची सुईच्या नंबरावरून जुंपली होती. बाबांना त्यांचं बोलणं दिसत होतं. आपलं त्यांना दिसत नाही, हे बाबांना कळायला मार्गच नव्हता. ते वाट बघत बसून राहिले. मला फार वाईट वाटलं, पण मला खूण तेवढी ओळखता येते, माणूस नाही.

काही दिवसांनी ते पुन्हा आले. "काल तो गेला. रोज विचारायचा, कुणी काही लिहिलं का. मी खोटंच सांगितलं, सगळे लिहितात म्हणून."

तेही माझ्या पोटात राहिलं.

मला खोडायचा अधिकार एकट्या सुईदोऱ्याला होता. ही खोली चालते तो दुकानातला कॉम्प्युटर बाबा मुलाची आठवण म्हणून बंद करत नाहीत, म्हणून मीही चालूच. कुणाला जमत असेल तर मला पुसून टाका हो.

बॉबिन अजून रोज विचारतो, "सुईदोऱ्या, आहेस ना रे?"

बाबा लगेच उत्तर लिहायला घेतात. मी बघते. बिल्ला नाही.