नळीतली चिंधी

जालिंदरचा विळा लसूणघासात शिरला आणि तिथंच थांबला.

"काय म्हनलास?"

"म्हनलं, आज जुम्मा. म्हातारा येतोय, पोराला घिऊन. बंदूक द्यायचीय त्येला." श्रीपती पेंढी बांधता बांधता बोलत होता. "डायवरचा फोन आल्ता. मजलिस झाडा, गाद्या झटका, गहवा करून ठिवा. तीन बंदुका हायत, त्यातली येक निवडायची. पुढं ती पोराच्या पोराला. आपल्यात सासूच्या पाटल्या सुनंला जात्यात, तसं."

"कंची देनार?"

"मला काय ठावं? मी काय त्येचा वकील हाय?"

जालिंदर खाली बसला. घासावर दव होतं, लुंगी मागून भिजली, तरी त्याला समजलं नाही. उत्तरेचा वारा सुटला होता. अल खोरच्या पुढं, जिथं डांबरी रस्ता संपतो, तिथं हा मळा. पांढरी, चुनखडीची जमीन. पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी मीठ वर येतं. त्या जमिनीत म्हाताऱ्या हमीदनं चाळीस खजुरी आणि दीड एकर लसूणघास जगवला होता, नव्वद शेरडं पाळली होती. आणि हे सगळं सांभाळायला पाटण तालुक्यातले हे दोन गडी. श्रीपतीला बारा वर्षं झाली होती, जालिंदरला आठ. हमीदला दोघं अरबाब म्हणत. इथं मालकाला तसंच म्हणतात.

"श्रीपतीदा," जालिंदर म्हणाला, "माझ्या हातनं घान झालीया."

"शेरडू मेलं? काळी व्यायली का काय आडवी?"

"काळी बरी हाय. बंदुकीत चिंधी आडाकलीया."

श्रीपतीच्या हातातली पेंढी सुटली.

मग जालिंदरनं दोन महिने पोटात ठेवलेलं बाहेर काढलं. खंडेनवमीच्या सकाळी दोघांनी मिळून हत्यारं पुजली होती. फावडं, विळे, शेरडांची कातर, पंपाची मोटर, सगळ्यांना हळदकुंकू लावलं होतं. श्रीपती धारा काढायला गेला आणि जालिंदर मजलिस झाडायला. बैठकीच्या त्या खोलीची चावी त्याच्याच करदोड्याला असायची. भिंतीवर अरबाबच्या बापाची जुनी रायफल टांगलेली. बाकीच्या दोन अरबाब दोह्याला कुलपात ठेवायचा, पण ही शोभेला भिंतीवरच होती, गोळ्या नसलेली. जालिंदरच्या मनात आलं, हत्यार आहे, आजच्या दिवशी उपाशी कसं ठेवायचं? त्यानं ती उतरवली, पुसली, दस्त्याला बोटभर कुंकू लावलं. गावाकडं चुलता ठासणीची बंदूक साफ करायचा, तशी नळीही साफ करावी म्हणून तेलात भिजवलेली चिंधी खजुरीच्या काडीनं आत सारली. काडी मोडली. चिंधी आतच राहिली. तारेनं ओढायला गेला, तर ती आणखीच आत गेली.

"आन् मंग?"

"मंग कुकू पुसलं आन् ठिवली टांगून. म्हनलं, भित्तीवरची बंदूक, कोन उडीवतंय?"

"आरं भाड्या! हात लावलास? त्येच्या बापाच्या बंदुकीला?"

"पुजा केली रं."

"हत्यार कुनाचं, पुजा कुनाची! हितं गड्यानं बंदुकीला हात लावला तर पोलीस हुभं-आडवं बगत न्हाईत. येका हातात तिकीट, न्हायतर दोनी हातांत बेडी." श्रीपतीनं इकडंतिकडं बघितलं, जणू घासाला कान होते. "कुनाला बोलू नगं. पोरगा शिकल्याला हाय, ब्यांकेत हाय. दुर्बिनीची नवी घील. ते जुनं लाकूड कोन घेतंय?"

"आन् घेतली तर? दगडूतात्याची बोटं तू बगितलीस."

जालिंदरच्या चुलत्याची, दगडूतात्याची बंदूक डुकरांपासून भात राखताना बांधावर पडली होती. नळीत चिखल गेलेला. ते न बघता त्यानं बार काढला. नळी केळीच्या सालीसारखी फाटली. तीन बोटं भाताच्या खाचरात सापडली, चौथं सापडलंच नाही.

"चल, मजलिस झाडायची हाय न्हवं?" श्रीपती उठला. "म्हातारा यायच्या आत काडू दोघं मिळून."

दोघं जवळजवळ पळतच गेले. जालिंदरनं चावी लावली, स्टुलावर चढला, बंदुकीला हात घातला, आणि फाटकाकडून पांढरी धूळ उठली. लँडक्रूझर आत आली होती.

हमीद सत्तरी ओलांडलेला. गुडघ्यांनी कुरकुरणारा, पण आवाज खणखणीत. मागं त्याचा मुलगा राहिल, दोह्याच्या मदिनत खलीफा भागात बायकोमुलांसह राहणारा, पांढऱ्याशुभ्र झग्यात. त्याच्या हातातला फोन खाली येत नव्हता.

"जालिंदर! वो ऊपरवाला नीचे उतारो. अच्छे से," हमीद म्हणाला.

जालिंदरनं उतरवली. दोन महिन्यांपूर्वी हलकी लागलेली बंदूक आज जात्यासारखी जड लागली. अरबाबनं दोह्याहून आणलेल्या दोन धरून गालिच्यावर तिन्ही ओळीनं मांडल्या. एक दुर्बिणीची, काळी, नवी कोरी. एक मधली. आणि ही, अक्रोडाच्या दस्त्याची, घामानं काळवंडलेली.

राहिलनं सरळ दुर्बिणीची उचलली. जालिंदरचा श्वास मोकळा झाला.

"रुको," म्हातारा म्हणाला. "जालिंदर, तुम बोलो. तुम्हारा गाँव में बंदूक है, तुम बोला था. कौनसा अच्छा?"

इथं गप्प बसायचं सोडून जालिंदरनं तोंड उघडलं. भ्यालेल्या माणसाची जीभ लांब होते.

"ये नया अच्छा, अरबाब. दूर का दिखता है. वो पुराना... वो भारी है. लकडी खराब. जंग भी होएंगा."

"जंग?" म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. "किदर जंग? हर साल गर्मी से पहले मैं अपना हाथ से साफ करता!"

"नहीं, मतलब... निशाना भी बराबर नहीं होएंगा..."

श्रीपतीनं मागून चिमटा काढला, पण बाण सुटला होता. हमीदनं जुनी बंदूक मांडीवर घेतली आणि लेकरासारखी थोपटली. "मेरा बाप ये लेके रेगिस्तान में सोता था. खाना नहीं था, पानी नहीं था, ये था. सुना, राहिल? एक बकरीवाला बोलता है, निशाना बराबर नहीं." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "खलास. यही देगा. यल्ला, बाहर. अब्बी मार के दिखाएगा."

जालिंदरनं स्वतःच्या हातानं ती बंदूक निवडून दिली होती.

मळ्यामागं उघडा माळ. दूर दगडावर तेलाचा रिकामा डबा ठेवला. जालिंदरच्या हातात गहव्याची, अरबी कॉफीची, किटली आणि पेले. पेले एकमेकांवर किणकिण वाजत होते. वाऱ्यानं वाजतात असं वाटावं, म्हणून तो वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला.

"कुत्र्यागत थरथरू नगं," श्रीपती ओठ न हलवता म्हणाला. "पोरं हायत तुला. सरोजवैनी हाय. गप ऱ्हा. कापडच हाय, जाईल उडून."

"चिखलबी मऊच हुता, श्रीपतीदा."

राहिलनं खिट्टी ओढली, काडतूस घातलं. खिट्टी बसल्याचा आवाज जालिंदरच्या दातांत वाजला. राहिलनं दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. गोरा, नुकतीच दाढी कोरलेला गाल. नळीपासून वीतभर. राहिलनं एक डोळा मिटला.

जालिंदरनं किटली दगडावर आपटली.

गहवा उसळला, पेले फुटले. सगळे वळले. बंदुकीची नळी खाली आली.

"मत मारो! अरबाब, मत मारो! नळीमें कपडा है."

"क्या?"

"कपडा. मैंने डाला."

हमीदनं मुलाच्या हातून बंदूक घेतली, काडतूस काढलं, नळी आभाळाकडं धरून मागून एक डोळा लावला. आभाळ दिसायला हवं होतं तिथं अंधार होता. गाडीतून लोखंडी गज आला. म्हाताऱ्यानं दोन वेळा जोर लावला, तिसऱ्यांदा नळीतून एक चिंधी मातीवर पडली. हिरवी, तेलकट, काठाला कुंकवाचा डाग. सरोजच्या जुन्या लुगड्याची. देवाच्या फोटोला गुंडाळून तिनं गावाहून पाठवलेल्या तुकड्यातली.

राहिल अरबीत ओरडायला लागला. आठ वर्षांत जालिंदर जेवढं शिकला होता, त्यात 'पोलीस' हा शब्द होताच. म्हाताऱ्यानं हात वर केला.

"क्यूं डाला?"

"हमारा सण था, अरबाब. दसरा. हथियार साफ करते, हाथ जोडते. मैंने सबका किया. फावडा का, मोटर का... ये भी हथियार है, तो..."

"कब?"

"दो महिना."

"दो महिना चुप?"

"डर गया."

"अब्बी डर नहीं लगा?"

"अब्बी जादा लगा," जालिंदर म्हणाला.

म्हातारा त्याच्याकडं बघत राहिला. मग मुलाच्या गालाकडं. त्यानं हात पुढं केला.

"चाबी."

जालिंदरनं करदोड्याची गाठ सोडायला घेतली, बोटांना जमेना. श्रीपतीनं पुढं होऊन सोडली. आठ वर्षं कमरेला घासलेली चावी हमीदच्या खिशात गेली. मग तो गुडघ्यावर हात ठेवून वाकला, चिंधी उचलली, माती झटकली, घडी केली आणि बंदुकीच्या पेटीत कोपऱ्यात ठेवली.

राहिलनं काहीतरी विचारलं. म्हाताऱ्यानं उत्तर मात्र हिंदीत दिलं, जालिंदरला कळावं म्हणून असेल.

"बंदूक के साथ ये भी रहेगा. तुम्हारा बेटा पूछेगा, ये क्या है. तब बोलना, मारने से पहले नळी देखने का. मेरा बाप ने मेरे को बोला था. मैं तुमको बोलना भूल गया."

नळीतून आभाळ दिसतं का हे राहिलनं दोनदा बघितलं. मग बार काढला. डबा उडाला, शेरडं उधळली. जालिंदर फुटलेले पेले वेचायला मातीत बसला.

दुपारी दोघं परत घासात होते. जालिंदरला पेंढी बांधता येत नव्हती. श्रीपती त्याच्याही बांधत होता.

"पोलीस याचं आसतं तर आतापतूर आलं आसतं," श्रीपती म्हणाला.

"तिकीट यील."

"यील तर यील. भाकरी करून ठिवलीया, खा."

"घशाखाली उतरंल का?"

लँडक्रूझर निघाली. फाटकाकडं जाता जाता घासाच्या कडेला थांबली. जालिंदर विळा घेऊन उभा राहिला, मग विळा खाली टाकला, हातात हत्यार दिसायला नको म्हणून. काच खाली झाली. हमीद समोर रस्त्याकडंच बघत होता.

"वो काली बकरी आज रात, नहीं तो कल. तुम बैठना उसके पास. कल फोन करके बोलो, क्या हुआ. नर या मादी."

काच वर गेली. धूळ उठली, खाली बसली.

"काय म्हनला?" श्रीपतीनं लांबून विचारलं.

"उद्या फोन कर म्हनला," जालिंदर म्हणाला, आणि खाली वाकून विळा शोधू लागला.