झाकण गोल दिसेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. जवळजवळ चौकोनी, जाड कडांचा, पाठीवर चिकटवलेला कागद निम्मा उडालेला. आधीच सांगून टाकतो, माझ्या बाबतीत जे घडलं ते मला अजून धड उमगलेलं नाही. डोक्यात नुसता गोंधळ आहे. तरी सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून मी थेट एका फोटो स्टुडिओत आलो. स्टुडिओच्या मालकांना सगळे काकाच म्हणत. फाटके, डागाळलेले, वाळवीने खाल्लेले फोटो लोक त्यांच्याकडे आणत. काका ते माझ्यावर मोठे करून बघत आणि नाक, कान, भुवया एकेक करून परत जागेवर बसवत. "माझा मॉनिटर कधी खोटं बोलत नाही," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. मग मी कशाला खोटं बोलू? ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पुढे एक रुंद, चकचकीत मॉनिटर आला आणि मी माळ्यावर गेलो. किती वर्षं गेली कोण जाणे! धूळ, कोळिष्टकं आणि एक बिनपायाची खुर्ची, एवढीच काय ती सोबत. मग एक दिवस तो रुंद पाहुणा अचानक बंद पडला, आणि काकांनी मला खाली उतरवून पुसलं. मला आनंद झाला. पण संगणक नुकताच दुरुस्त होऊन आला होता आणि दुरुस्त करणाऱ्याने त्याचा ड्रायव्हर पुन्हा घातलाच नव्हता. ड्रायव्हर म्हणजे संगणकाला पडद्याशी नीट बोलायला शिकवणारं छोटंसं सॉफ्टवेअर. त्यामुळे संगणक माझ्याकडे रुंद पडद्याचीच चित्रं धाडत होता. मी बापडा काय करणार? आली ती चित्रं दोन्ही बाजूंनी दाबून माझ्या अंगात बसवली. माणसं शिडशिडीत झाली, अक्षरंसुद्धा उपाशी दिसू लागली.

काकांना वाटलं, चष्म्याचा नंबर बदललाय.

त्याच सुमारास दोन बहिणी आल्या. धाकटी नोकरीसाठी परदेशी निघाली होती. त्यांच्याकडे आईचा एकच फोटो होता, तोही चार तुकड्यांत फाटलेला. आई गेली तेव्हा धाकटी पाळण्यात होती.

"मला तिचा चेहराच माहीत नाही हो काका," धाकटी म्हणाली. "जाताना तेवढा बरोबर न्यायचाय."

काकांनी तुकडे माझ्यावर जुळवले. चेहरा उभट दिसला. आयुष्यभर खराब फोटोच हाताळलेला माणूस तो, त्याला दुसरं काय सुचणार? "ओल लागून फोटो आखडलाय," असं पुटपुटत त्यांनी आईचा चेहरा ओढून रुंद केला. माझ्यावर तो छान दिसायला लागला. मीही खूश झालो.

धाकटी एकटीच येऊन छापलेला फोटो घेऊन गेली. स्टुडिओच्या बाकावर बसून ती त्याच्याकडे बघत किती तरी वेळ रडली.

दुसऱ्या दिवशी थोरली तिला घेऊन तरातरा आली. "काका, ही कोण बाई? आमची आई एवढी गोल कधी होती?"

काकांनी घाईघाईने तोच फोटो माझ्यावर उघडला. थोरली बघतच राहिली. "अगं बाई! इथे तर आईच आहे!"

हातात एक बाई, माझ्यावर दुसरी. छपाईचं यंत्र बिघडलं म्हणावं, तर बाकीचे फोटो ठीक येत होते. काका कधी कागदाकडे बघत, कधी माझ्याकडे. मी तर पुरता चक्रावलो.

एवढ्यात काकू चहा आणि बिस्किटांचा गोल डबा घेऊन आल्या. सगळं ऐकून त्यांनी हातातल्या डब्याचं झाकण काढलं आणि स्कॅनरवर पालथं घातलं. माझ्यावर अंडं उमटलं.

"काय हो," काकू म्हणाल्या, "झाकणही ओल लागून आखडलं वाटतं?"

काकांनी कपाळावर हात मारला. आखडला होता तो पडदा, फोटो नव्हे! मग ड्रायव्हरची शोधाशोध सुरू झाली. संगणक जुना, त्याचा ड्रायव्हर कुठेच मिळेना. एक घातला तर मी काळाठिक्कर पडलो. दुसरा घातला तर अर्धं चित्र माझ्या कडेबाहेर पळालं. धाकटी सारखी घड्याळ बघत होती, कारण संध्याकाळी तिला निघायचं होतं. शेवटी जुन्या यंत्रांच्या फायली जपून ठेवणाऱ्या कुणा अनोळखी भल्या माणसाच्या इंटरनेटवरच्या पानावर तो सापडला. तो घालताच चित्राच्या मापांच्या यादीत माझं माप दिसलं, काकांनी ते निवडलं आणि झाकण गोल झालं.

फोटो नव्याने जुळवला, छापला. निमुळती हनुवटी, बसलेली गालफडं. थोरलीने त्यावरून हलकेच बोट फिरवलं. "हीच. हीच माझी आई."

धाकटीने कालचा फोटो त्याच्या शेजारी मांडला. ती म्हणाली, "ताई, मग काल मी जिच्यासाठी रडले, ती कोण?"

तिने नवा फोटो पिशवीत ठेवला. काका चुकलेला फोटो फाडायला निघाले, तेव्हा तिने त्यांचा हात धरला.

"अगं, तो चुकीचा आहे," थोरली म्हणाली.

"असू दे. काल दिवसभर तीच माझी आई होती."

आणि ती दोन्ही फोटो घेऊन गेली.

मित्रांनो, आम्हा पडद्यांना खरं-खोटं कळत नाही. तुम्ही जे धाडाल ते आम्ही दाखवतो, आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवता. म्हणून हात जोडून सांगतो, कुणाचा चेहरा सुधारायला घेण्याआधी आम्हाला एकदा नीट तपासा. चुकलेला फोटो पुन्हा छापता येतो हो, पण त्या पोरीचं कालचं रडणं कुणाच्या नावावर लिहायचं, ते मला अजून कळत नाही.