एकासाठी वर्ग भरत नाही

वासराचे पुढचे दोन पाय बाहेर आले होते, पुढे काही सरकत नव्हतं. त्या पायांना दोरी बांधून मी आणि शेजारचा सेव्हेरो सकाळपासून ओढत होतो. बाहेर आमच्या अस्तुरियासच्या डोंगरातली ती बारीक, चिकट झड लागली होती. एतेल्वीना तिच्या कालवडीचं डोकं मांडीवर घेऊन शेणातच बसली होती.

"मिनो, जरा दमानं रं," ती म्हणाली. "कंबर मोडंल तिची."

"दमानं घेतलं तर वासरू मरंल."

"ते कवाच मेलंय," सेव्हेरो म्हणाला. "जीभ बघ की, निळी पडलीया."

गुरांचा डॉक्टर घाटापलीकडच्या गोठ्यात अडकला होता. तो आला तेव्हा कालवडीनंही मान टाकली होती. त्यानं वासराच्या फुगीर, दुहेरी मांड्या चाचपल्या. असल्या वासरांवर मांस जास्त, म्हणून खाटीक ती आधी उचलतो आणि आम्हा सगळ्यांना तसलाच वळू हवा असतो.

"पहिलारू कालवडीला हा असल्या जाड वासरांचा वळू कुणी लावला? अडणारच ती."

"मीच," एतेल्वीना म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वळू माझा होता. सल्लाही माझाच. "कालवड रुंद हाय, सोसंल," असं मी छातीठोक सांगितलं होतं. नवरा गेल्यापासून ती गुरांचं सगळं मला विचारायची आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आदल्या हिवाळ्यात शेतकी कचेरीतली नूरिया गुत्त्यात कागद घेऊन आली होती. मांसाची गुरं पाळणाऱ्यांना काय शिकायची गरज आहे, ते तिला लिहून न्यायचं होतं. चारा, रोग, वळूची निवड, अडलेली गाय सोडवणं. ज्याला जे शिकायचं त्यानं त्यापुढे खूण करायची. सफरचंदाची दारू एकाच पेल्यातून सगळ्यांत फिरत होती आणि जो तो दुसऱ्याच्या कागदात डोकावत होता. तिथं 'मला येत नाही' असं कोण लिहिणार? मी सगळीकडे 'गरज नाही' लिहिलं. सेव्हेरोनंही तेच.

"बाई, माझ्या आज्यानं शेकड्यानं वासरं वढली," मी म्हणालो. "तुम्ही किती वढली?"

"एकही नाही," नूरिया म्हणाली. "म्हणून तर विचारतेय."

एतेल्वीनानं एकटीनं शेवटच्या दोन ओळींपुढे खूण केली. "दप्तर आणा रं हिला," सेव्हेरो म्हणाला आणि आम्ही पोट धरधरून हसलो. वर्गाला निदान दहा नावं लागत होती. वर्ग खालच्या खोऱ्यात गेला.

कालवड गेल्यावर एतेल्वीनानं उरलेली म्हातारी गाय खाटकाच्या गाडीत चढवली आणि गोठ्याला कडी घातली. तोंडानं माफी मागता येईना, म्हणून मी तिचं मोडकं कुंपण नीट करायला गेलो. तिनं कॉफी आणून दिली.

"तुझा काय दोष?" ती म्हणाली. "मला कळत नव्हतं. तसं लिवूनबी दिलं हुतं."

मी कॉफी तशीच खांबावर ठेवली आणि पुढचा खिळा उचलला.

या हिवाळ्यात नूरिया परत गुत्त्यात आली. पहिला कागद तिनं आठवणीनं एतेल्वीनासमोर ठेवला.

"गुरं किती?"

"आता एकबी न्हाई."

नूरियानं कागद हळूच परत घेतला. "ज्यांची गुरं आहेत त्यांच्यासाठीच आहे हो हा. माफ करा."

मी सगळ्यांदेखत त्या दोन ओळींपुढे खूण केली, खाली नाव लिहिलं आणि कागद सेव्हेरोपुढे सरकवला. त्यानं तो वाचला, पेल्यातला तळाचा घोट रीतीप्रमाणे जमिनीवर फेकला आणि आपल्या कागदावर 'गरज नाही' लिहिलं. बाकीच्यांनी त्याचं बघून लिहिलं. नूरियानं कागद चाळले. नाव एकच होतं.

बाहेर झड चालूच होती. सेव्हेरो माझ्या मागोमाग आला.

"मिनो, माझी धाकली कालवड माजावर आलीया. उद्या आणू का तुझ्या वळूकडं?"

"न्हाई."

"ऱ्हायलं मग. वरच्या आळीत तसलाच हाय," तो म्हणाला आणि टोपी ओढून चालू लागला.